पहिली चार पानं सोडून पेज नंबर १ पासून कसे द्यायचे? (वर्ड, बारावीचा प्रकल्प)

पानकोरा:
पर्यावरण प्रकल्प वर्डमध्ये टाइप झालाय. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांवर नंबर नकोत, प्रस्तावनेला १ हवा. 'डिफरंट फर्स्ट पेज' केलं तर फक्त मुखपृष्ठावरचा जातो. शिवाय पानाला चौकट दिलीय, तिची खालची रेघ प्रिंटमध्ये येतच नाही. नंतर स्पायरल करायचंय.

डावा_समास:
ते बटण एकाच पानापुरतं असतं. इथे सेक्शन (फाइलचा वेगळी मांडणी ठेवता येणारा भाग) तोडावा लागेल. 'प्रस्तावना' शब्दाच्या अगदी आधी कर्सर ठेवा, लेआउट > ब्रेक्स > नेक्स्ट पेज. (कंट्रोल-एंटरने नुसतं पान तुटतं, सेक्शन नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.) आधी कंट्रोल-एंटर मारलेला असेल तर तो काढा, नाहीतर मध्ये कोरं पान येईल.

मग प्रस्तावनेच्या फूटरवर (पानाच्या तळाची, नंबर असतो ती जागा) डबल-क्लिक करून 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा. हे आधी, पुसापुशी नंतर. उलट केलंत तर दोन्हीकडचे नंबर एकदम जातात. आता पहिल्या चार पानांच्या फूटरमधला नंबर पुसा, पुन्हा प्रस्तावनेत येऊन पेज नंबर > फॉरमॅट पेज नंबर्स > स्टार्ट ॲट १. अनुक्रमणिका वर्डनेच बनवलेली असेल तर तिच्यावर राइट-क्लिक करून अपडेट फील्ड. हाताने टाइप केली असेल तर आकडे सगळ्यात शेवटी भरा.

शाईसंपली:
चौकटीचं कारण प्रिंटर. वर्ड ती कागदाच्या कडेपासून २४ पॉइंटवर, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटरवर काढतं, आणि कित्येक इंकजेटना खालच्या कडेला इतक्या जवळ छापता येत नाही. पेज बॉर्डर्स > ऑप्शन्समध्ये 'मेझर फ्रॉम'ला 'टेक्स्ट' निवडा. नंबर चौकटीच्या आत हवा असेल तर तिथेच 'सराउंड फूटर'वर टिक ठेवा.

याने स्पायरलचंही काम होतं. पेज सेटअपमध्ये गटर (बाइंडिंगसाठी सोडायची जादा जागा) १ सेंमी, डावीकडे. समासाबरोबर चौकटही आत सरकते, भोकं रेघेवर पडत नाहीत. फक्त 'अप्लाय टू'मध्ये 'होल डॉक्युमेंट' करा, कारण आता सेक्शन दोन आहेत. तिथेच कागद ए४ आहे ना तेही बघा, लेटर असेल तर आत्ताच बदला. लेटर जवळपास पावणेदोन सेंमी आखूड असतो, नंतर बदललात तर मजकूर पुढेमागे सरकून सगळे पेज नंबर हलतात.

पानकोरा:
नंबर जमले, चौकटही आली. पण मराठी ओळींचे रफार आणि वेलांट्या वरून कापल्यासारख्या दिसतायत.

डावा_समास:
लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' असणार. 'मल्टिपल' १.१५ करा. आणि दुकानात वर्डची फाइल नका नेऊ, पीडीएफ न्या. त्यांच्याकडे तुमचा फाँट नसला तर पानं बदलतील.