इकिगाईची चार वर्तुळं काढली आणि रडू आलं

अबोली:
सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली, त्याला पावणेदोन वर्षं झाली. तेव्हापासून माझं शिवणकाम बंद, मशीन झाकून ठेवलंय. भिशीतल्या मैत्रिणीनं वाढदिवसाला इकिगाईवरचं, म्हणजे जगण्याला अर्थ कशानं येतो या जपानी कल्पनेवरचं, ते गाजलेलं पुस्तक दिलं. म्हणाली, "वाच, उभारी येईल." दुपारी त्यांना कुशीवर वळवलं की थोडा वेळ मिळतो, त्यात वाचलं. जपानच्या ओकिनावातल्या ओगिमी गावची म्हातारी माणसं, त्यांची परसातली भाजी, ते फार आवडलं.

पण ती चार वर्तुळं! आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते, पैसे मिळतात ते. चारही एकमेकांवर येतात ती मधली जागा म्हणजे आपलं इकिगाई. दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर बशी ठेवून काढली. डायपर बदलणं, पाठ पुसून पावडर लावणं, चमच्याचमच्यानं पेज भरवणं, हे कुठे लिहू? आवडतं असं म्हणवत नाही. पैसे तर नाहीतच. मधली जागा कोरीच राहिली. दिवसभर राबूनही माझ्या जगण्याला अर्थ नाही, असंच जणू ते पान सांगत होतं. माझं समजण्यात काही चुकलं का?

घाटमाथा:
अजिबात नाही, ताई. ती वर्तुळं मुळात जपानी नाहीतच. आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषानं ती आयुष्याचा हेतू शोधायला मांडली होती. २०१४ मध्ये मार्क विन यांनी आपल्या ब्लॉगवर मधल्या जागेत 'इकिगाई' हा शब्द घातला आणि तेच चित्र जगभर पसरलं. जपानीत 'इकि' म्हणजे जगणं, 'गाई' म्हणजे त्याचं मोल. नातवंडं, बागेतलं रोप, कशालाही तिथली माणसं इकिगाई म्हणतात. मिळकतीची अट त्यात नाही. घरात सेवा करणाऱ्या बाईला हे चित्र नापास करतं, याचा मला मनापासून राग येतो.

रानजाई:
या विषयावर जपानमध्ये १९६६ सालीच मिएको कामिया यांनी पुस्तक लिहिलंय. त्या मानसोपचारतज्ज्ञ. नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी काम केलं. घरदार, नाव, सगळं सुटलेल्या माणसांतल्या काहींना जगावंसं का वाटतं, हा त्यांचा प्रश्न होता. मला वरोऱ्याचं आनंदवन आठवलं. तिथल्या माणसांना कुणी चार वर्तुळं काढायला सांगितली असती का?

तिन्हीसांज:
माझ्या वडिलांचं मी चार वर्षं केलं. दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा. अबोलीताई, तुम्हाला अर्थ नको आहे, झोप हवी आहे. नणंद-दीर कुणी असतील त्यांना आठवड्यातला एक दिवस सरळ मागा. "जमेल तेव्हा या" म्हणू नका, वार सांगा. आणि मशीनवरचं कापड काढा.

अबोली:
तुम्हा सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली. नणंदेला फोन केला, रविवार दिला तिनं. मशीनला तेल घातलं. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांची अंथरायला दुपटी शिवायला घेतलीत. पहिलं दुपटं खाली घातलं तर डाव्या हातानं किती वेळ त्याचा काठ चाचपत होत्या. ओळखला त्यांनी.