बोलपट की डिजिटल: सिनेमा खरा कशाने बदलला?

गिरगावकर
ऑफिसातली पोरं म्हणतात, सिनेमा बदलला तो डिजिटलने. मला अजिबात पटत नाही. १४ मार्च १९३१ला आमच्या गिरगावात, मॅजेस्टिक थिएटरला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट लागला आणि अख्खा धंदा उलटापालटा झाला. मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या बदलल्या की तोच सिनेमा मद्रासला चाले, लाहोरलाही चाले. बोलपट आल्यावर भाषेची भिंत उभी राहिली, पण त्या भिंतीमुळेच मराठी सिनेमाला स्वतःचं घर मिळालं. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. पडद्यापुढे पेटी-तबला वाजवणाऱ्यांचं काम गेलं, ज्यांना धड संवाद म्हणता येईनात ते नट मागे पडले. एवढी उलथापालथ डिजिटलने केली का?

लालबागचा ऑपरेटर
केली, दादा. आयुष्य थिएटरच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये काढलंय म्हणून सांगतो. दोन हजार फुटांचं रीळ, बावीस मिनिटं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका दिसतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्याला चेंजओव्हर, म्हणजे चित्र पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर घ्यायचं. मध्ये मशीनला उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळून झिजतात, त्यांच्यातलं अंतर सारखं जुळवत राहायचं, नाहीतर उजेड मंदावतो. हे हातात बसायला मला दोन वर्षं लागली. रिळांच्या जागी डिजिटल सर्व्हर आला त्या आठवड्यात मालकांनी सांगितलं, आता बटण दाबायला डोअरकीपरही चालेल.

डोंबिवली फास्ट लोकल
काका, वाचून पोटात तुटलं. तरी मी डिजिटलच्याच बाजूने. फिल्मचा चारशे फुटांचा रोल साडेचार मिनिटांत संपतो, मग निगेटिव्ह धुणं, प्रिंट काढणं. माझ्यासारखीला कोणी एक रोल तरी दिला असता का? आजीवरची शॉर्टफिल्म मी मोबाइलवर केली. आजी पापड लाटताना मध्येच गप्प झाली, मी पंधरा मिनिटं कॅमेरा बंद केला नाही. त्या गप्प बसण्यातच फिल्म सापडली.

बूममन
गिरगावकर, आवाज १९३१ला आला हे अर्धंच खरं. ‘आलम आरा’ रात्री चित्रित करावा लागला, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जायच्या. पुढे हलके कॅमेरे आले, ते घरघरायचे, मग सेटवरचा आवाज टाकून सगळं डब करायची सवयच लागली. २००१च्या ‘लगान’ने सेटवरचाच आवाज ठेवला, तेव्हा हिंदीवाले पुन्हा त्या वाटेला लागले. नुसतं यंत्र येऊन भागत नाही हो, ते वापरायची शिस्त यायला सत्तर वर्षं गेली.

गिरगावकर
शिस्तीचं मान्य. पण बोलपटाने सिनेमा कोणासाठी काढायचा हेच बदललं. डिजिटलने तो काढणारे वाढवले. माझ्या लेखी पहिलं मोठं. आणि जपण्याचं काय? ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही, फक्त फोटो आहेत. डोंबिवलीताई, तुमची आजी कुठे ठेवलीय?

डोंबिवली फास्ट लोकल
दोन हार्ड डिस्कवर. एक गेल्या पावसाळ्यापासून चालू होत नाहीये.

लालबागचा ऑपरेटर
पोरी, वाद नंतर. तिसरी प्रत आजच्या आज काढ.