सीएसएसमध्ये (वेबपेजचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत) आयडीवर (पानावरच्या एकाच घटकाला दिलेल्या नावावर) स्टाइल लिहिणं बंदच करावं का?

हिंजवडीकर: माझ्या मते करावं. गेल्या आठवड्यात 'पैसे भरा' हे निळं बटण हिरवं करायचं होतं. फाइलच्या अगदी शेवटी क्लासचा (अनेक घटकांना देता येणाऱ्या नावाचा) नियम लिहिला, बटण निळं ते निळंच. ब्राउझरमधला इन्स्पेक्टर (कुठला नियम लागतोय ते दाखवणारा) उघडला तर माझी ओळ खोडलेली आणि तिच्या डोक्यावर जुना नियम: #पेमेंट, त्याच्या आतलं बटण. म्हणजे त्याचं वजन १-०-१ (एक आयडी, शून्य क्लास, एक टॅग म्हणजे बटण), माझ्या नियमाचं ०-१-०. क्लास वाढवत नेले, शेवटी वैतागून इम्पॉर्टंट (साध्या नियमांवर मात करणारी खूण) लावला. आता डार्क मोड करणारी मुलगी माझ्या इम्पॉर्टंटवर तिचा इम्पॉर्टंट चढवतेय.

कोथरूडची: अजिबात पटलं नाही. आयडीचा काय दोष? मोजणी आधी करायची. रकाने तीन: आयडी, क्लास, टॅग. होव्हरसारखे सूडो-क्लास (घटकाची अवस्था, जसं माउस वर असणं) आणि अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहिलेली माहिती) क्लासच्याच रकान्यात. तुलना डावीकडून, आणि हातचा कधीच घेत नाहीत. दहा काय, पन्नास क्लास लावले तरी एक आयडी होत नाही. शिकवताना 'आयडीचे १००, क्लासचे १०, टॅगचा १' सांगतात ना, तिथेच घोळ होतो. तिन्ही रकाने सारखे निघाले तरच नंतरचा नियम लागतो. १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून हिशेब हाच आहे.

हिंजवडीकर: मोजता मलाही येतं हो. पण पाच वर्षांत सात जणांनी हात लावलेला कोड आहे. कुणाकुणाचं मोजू?

बाणेर_फ्रंटएंड: मग लेयर, म्हणजे नियमांचे क्रमाने लावलेले गट, वापरा. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहेत. लेयरचा क्रम स्पेसिफिसिटीच्या, म्हणजे या मोजणीच्या, आधी बघितला जातो. जुना कोड पहिल्या लेयरमध्ये, तुमचा दुसऱ्या. मग तुमचा साधा क्लास त्याच्या आयडीला भारी पडतो.

कोथरूडची: अर्धंच सांगितलंत. इम्पॉर्टंट असेल तर लेयरचा क्रम उलटा होतो, आधीचा लेयर जिंकतो. जुन्या फाइलींत इम्पॉर्टंट पेरलेले असतील तर हेच बटण पुन्हा रडवेल. आधी ते शोधून काढा.

हिंजवडीकर, तोवर एवढं करा: जुन्या नियमातला #पेमेंट काढून आयडी चौकोनी कंसात, अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहा. तो क्लासइतकाच मोजतात, म्हणजे नियम ०-१-१ वर येतो. तुमचा एक क्लास तरीही हरेल, दोन लावा: ०-२-०.

हिंजवडीकर: हे माहीत नव्हतं, मनापासून आभार. उद्या सकाळी माझा इम्पॉर्टंट काढतो, तिलाही काढायला सांगतो. पण नव्या फाइलींत आयडी नको म्हणजे नकोच.