मदत हवी आहे: बीटेक बिझनेस, फायनान्सचा पेपर

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. मुलगा कॉलेजात बीटेक (BTEC) लेव्हल 3 बिझनेस करतोय, म्हणजे इथला बारावीच्या पातळीचा व्यवसायाभिमुख कोर्स, इंजिनिअरिंगची पदवी नव्हे. (पुण्याची आजी सगळ्यांना ‘नातू बी.टेक. करतोय’ असं सांगत सुटली आहे, ते असो!) युनिट 1 च्या असाइनमेंटला डिस्टिंक्शन मिळालं, पण युनिट 3, म्हणजे पर्सनल अँड बिझनेस फायनान्सची लेखी परीक्षा असते, तिथे गाडी अडलीय. ब्रेक-ईव्हन (ना नफा ना तोटा) जमतं, कॅश फ्लो आणि घसारा आला की गोंधळ. आकडेमोड करतो, पण ‘इव्हॅल्युएट’ (मूल्यमापन करा) म्हटलं की दोन ओळींत गुंडाळतो. युनिव्हर्सिटीसाठी डीडीएम (दोन डिस्टिंक्शन, एक मेरिट), म्हणजे प्रवेशासाठी मोजतात ते 128 यूकॅस पॉइंट हवेत. कुणाच्या मुलांनी हा पेपर दिलाय का? सराव कसा करून घेतलात? शिकवणी लावू, की जुने पेपर पुरतील?