वीज पडली, कॉम्प्युटर गेला. हार्ड डिस्कमधलं काय वाचलं? अनुभव लिहा

अशोकचौकवाला
यंदाच्या वळवाने आमच्या गल्लीतले टीव्ही, एक फ्रीज आणि आमचा कॉम्प्युटर एका फटक्यात नेले. वीज घरावर नाही, पलीकडच्या खांबाजवळ पडली. पॉवर सप्लाय गेला तो जाऊ दे. आत दोन हार्ड डिस्क आहेत. विंडोजची चालतेय. दुसरीवर वडिलांच्या टॉवेल कारखान्याची सगळी जकार्ड (मागावर नक्षी विणायची) डिझाइनं आणि हिशोब, ती फिरतच नाही. दुकानदार म्हणतो, "गेली, नवीन घ्या."
सोलापुरात एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात हे दरवर्षीचंच, म्हणजे इथं बऱ्याच जणांनी भोगलं असणार. कुणाचं काय वाचलं, कसं वाचलं, सविस्तर लिहा. "बॅकअप घ्यायला हवा होता" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते घरचे रोज ऐकवतात.

नवीपेठ रिपेअरिंग
डिस्क गेली म्हणजे नक्की काय गेलं ते आधी बघा. फिरत नाही, आवाजही नाही, अशी डिस्क बहुतेक वेळा खालच्या बोर्डात मेलेली असते. माहिती आतल्या तबकड्यांवर असते आणि झटका सहसा तिथवर पोचत नाही.
साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ व्होल्ट अशा दोन लाइनी येतात. पॉवर कनेक्टरजवळ दोन्हींवर एकेक टीव्हीएस डायोड असतो. व्होल्टेज चढलं की तो स्वतः शॉर्ट होऊन मरतो आणि मागचं वाचवतो. अशी डिस्क जोडली की पॉवर सप्लाय लगेच बंद पडतो, मग गिऱ्हाइकाला सांगतात मदरबोर्ड गेला. मल्टीमीटरने तपासा. तारा उलटसुलट लावून दोन्हीकडून बीप आला की डायोड शॉर्ट. तो काढला की पुष्कळ डिस्क फिरतात. पण मग दारावर पहारेकरी उरत नाही. चांगल्या पॉवर सप्लायवर लावून डेटा उतरवायचा आणि ती डिस्क पुन्हा कामाला लावायची नाही.
तोवर "बघू तर" म्हणून सारखी जोडून बघू नका.

होटगी रोड
आमच्या ऑफिसातल्या एका हुशार पोराने त्याच मॉडेलची जुनी डिस्क ऑनलाइन मागवून बोर्ड बदलला. फिरली की! पण आतून टक टक टक, आणि कॉम्प्युटरला दिसेना.

नवीपेठ रिपेअरिंग
नुसता बोर्ड बदलून चालायचे दिवस गेले. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी असते, ती बोर्डावरच्या छोट्या आठ पायांच्या चिपमध्ये साठवलेली असते. जुन्या बोर्डावरची ती चिप हॉट एअरने उचलून नव्यावर बसवावी लागते. काही बोर्डांवर ती वेगळी नसतेच, मुख्य चिपच्या पोटात असते. तिथे काम अवघड.

लग्नाचे फोटोवाला
आमच्या स्टुडिओत ढग गडगडले की मेन स्विच बंद, हा नियम. तरी गेलं. कुठून आलं माहितीये? इंटरनेटच्या केबलमधून. गच्च्यांवरून लोंबकळत आलेली तांब्याची वायर, राउटर, तिथून लॅनमधून स्टोरेजचा डबा. आत मिरर केलेल्या दोन डिस्क होत्या. एकीवरचं दुसरीवर, म्हणून सगळे निर्धास्त. दोन्ही गेल्या.
इथे डायोडने भागलं नाही. तबकडीवरून माहिती वाचणारं जे हेड असतं, त्याच्याजवळची प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारी) चिप जळाली होती. पुण्याच्या लॅबने क्लीन रूममध्ये उघडून दुसऱ्या डिस्कचे हेड बसवले. खर्च पाच आकडी. बहुतेक फोटो आले, काही फाइली अर्ध्या उघडतात आणि खाली राखाडी पट्टा. एका लग्नातली सप्तपदी त्या पट्ट्यात गेली. त्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगवत नाही.

जुळे सोलापूर
एसएसडीवाल्यांनी (तबकडी नाही, नुसत्या चिपवर साठवणारी डिस्क) फार आशा धरू नका लका. भावाची गेली. लॅबवाला म्हणाला, कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी मुख्य चिप, जळालाय. मेमरी चिपवरचा डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि किल्ली कंट्रोलरमध्ये. चिप काढून वाचली तरी हाती कचराच. पोराचा प्रोजेक्ट गेला तो गेलाच.

अकलूजची मास्तरीण, सध्या सात रस्ता
स्पाइक गार्डचा काही उपयोग होतो का? शाळेत सगळीकडे तेच लावलेत.

नवीपेठ रिपेअरिंग
बाई, आधी अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगच नसेल तर तो बिचारा झटका टाकणार कुठे? आतला एमओव्ही (जादा व्होल्टेज गिळणारा भाग) झटके खाऊन खाऊन संपतो, दिवा मात्र लागलेलाच राहतो. आणि वीज जवळ पडली तर स्विचमधली फट ओलांडते. बटण बंद करण्यावर विसंबू नका, पिन उपसून ठेवा, नेटची केबलसुद्धा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर घ्या, आसपास वीज पडत असली की कळतं.

अशोकचौकवाला
ताजी खबर. १२ व्होल्टचा डायोड शॉर्ट निघाला. काढला, डिस्क फिरली! विंडोजने लगेच "फॉरमॅट करू का?" विचारलं. नाही म्हटलं, चेकडिस्कही (विंडोजची डिस्क दुरुस्ती) चालवू दिलं नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली. रात्रभर चाललं. थोडे सेक्टर वाचले नाहीत, ते सोडून पुढे गेलं. मग नकलेवरून फाइली काढल्या. हिशोब पूर्ण आलाय.
डिझाइनं आली, पण उघडत नाहीत. जकार्डच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही, अशी छोटी किल्ली) यूएसबीला लावलेलंच होतं, तेही जळालंय.

होटगी रोड
वडिलांनी डिझाइनांच्या बीएमपी (साध्या चित्राच्या फाइली) काढून ठेवल्या असतील की, मशीनवर पाठवायला?

अशोकचौकवाला
आहेत, बऱ्याच आहेत. डोंगल कंपनीकडे पाठवलंय, तोवर बीएमपीवर काम चालू आहे.