शस्त्रं मोजून झाली, शिक्षेचं काय?

बंडखोरांची शस्त्रं जमा झाली की त्यांच्या पुनर्वसनाचा अवघड भाग संपला, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय; ते मला अजिबात पटत नाही. कोलंबियात सरकारशी अनेक दशकं लढलेल्या फार्क या संघटनेच्या बंडखोरांनी 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांकडे सुमारे 9 हजार शस्त्रं सोपवली. ते काम काही महिन्यांत उरकलं. पण सरकारशी झालेल्या 2016 च्या शांतता करारानंतर फार्कच्या 400 हून अधिक माजी लढवय्यांचे खून झाले आहेत. हे आकडे शस्त्रांच्या यादीत कुठेच दिसत नाहीत.

शिवाय शिक्षेवरच्या देखरेखीबद्दल या चर्चेत कुणीच बोललेलं नाही. कोलंबियात या संघर्षातल्या गंभीर गुन्ह्यांसाठी नेमलेल्या शांततेच्या विशेष न्यायालयापुढे जो वेळेत सत्य सांगतो आणि जबाबदारी घेतो, त्याला तुरुंगाऐवजी 5 ते 8 वर्षं भरपाईची कामं करावी लागतात: भूसुरुंग काढण्याला हातभार, बेपत्ता माणसांचा शोध, स्मृतिस्थळं उभारणं. सोबत वावरण्यावर बंधनं. सत्य नाकारून दोषी ठरला, तर 20 वर्षांपर्यंत कैद. या शिक्षांची पडताळणी सुरक्षा परिषदेने 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या निरीक्षक मोहिमेकडे सोपवली होती (ऑक्टोबर 2025 मध्ये ते काम मोहिमेकडून काढून घेतलं), आणि सप्टेंबर 2025 मध्ये अपहरणांच्या प्रकरणात फार्कच्या 7 माजी नेत्यांना 8 वर्षांची अशी पहिली शिक्षा सुनावली गेली. कैदी गजाआड आहे एवढं तरी लोकांना दिसतं. या शिक्षेत मात्र दोषी कुठे राहतो, खरंच काम करतो का, ते काम ठरवताना पीडितांना विचारलं का, हे कुणीतरी वर्षानुवर्षं नोंदवलं नाही, तर अपहरण झालेल्यांच्या घरच्यांनी त्या शिक्षेवर विश्वास तरी कशाच्या आधारावर ठेवायचा?