‘ओपन स्टँडर्ड’ म्हणजे मुक्त, खुलं की उघड?

सांगली (मूळ प्रश्न)
एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघते. किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), तेरीज (खात्यांच्या शिलकांचा गोषवारा), नमुना ‘एन’मधला ताळेबंद, सभासदांची ‘जे’ यादी हे सगळं छापून काढायची नवी सोय करायची आहे. वाटा दोन. एक, क्रिस्टल रिपोर्ट्ससारखं विकतचं टूल: पडद्यावर रकाने ओढून बसवायचे की पान तयार. दुसरी, एक्सएसएल-एफओ: आकडे एक्सएमएलमध्ये (म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या फायलीत), पानाची मांडणी वेगळ्या फायलीत लिहायची आणि दोन्हींतून पीडीएफ काढायची. संचालक मंडळासाठी मराठीत टिपण केलं. एक्सएसएल-एफओ हे ‘ओपन स्टँडर्ड’, म्हणजे कुणालाही वाचून वापरता येतील असे जाहीर नियम; त्याला ‘मुक्त मानक’ आणि क्रिस्टलला ‘व्यावसायिक साधन’ असे शब्द घातले. बैठकीत एक संचालक म्हणाले, “मुक्त म्हणजे फुकटच ना? मग फुकटचं कशाला, व्यावसायिकच घ्या की.” विषय तिथंच मिटला. पुढच्या बैठकीत टिपण पुन्हा ठेवायचं आहे. काय लिहू?

सातारा
‘मुक्त’ रूढ आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथं शुल्क भरावं लागतं आणि त्याला फुकट विद्यापीठ कुणी म्हणत नाही. तरी तुमच्या टिपणात तो शब्द नको. ‘मुक्त’ म्हटलं की मराठी माणूस मनात विचारतो, कशापासून? कर्जमुक्त, तणावमुक्त, धूरमुक्त. उद्या कुणी शब्द उलटा जोडून ‘मानकमुक्त पत्रके’ लिहिलं की अर्थ पालथाच पडला. शिवाय ‘फ्री सॉफ्टवेअर’लाही आपण मुक्तच म्हणतो.
‘मानक’ मात्र राहू द्या. ‘प्रमाण’ जुना आणि आपला शब्द, प्रमाणभाषा, प्रमाणवेळ. पण ‘खुले प्रमाण’ वाचून मला औषधाचा डोस आठवतो.

मार्केट यार्ड, सांगली
ताई, आमच्याकडं शब्द तयार आहे की. उघड लिलाव! हळदीचा सौदा निघतो तेव्हा भाव सगळ्यांच्या देखत पुकारला जातो, कुणी किती बोललं ते शेतकऱ्यालाही ऐकू येतं. आणि उघड लिलावात हळद फुकट कुणी नेत नाही. मग ‘उघड मानक’ का नको?

सातारा
कल्पना नेमकी आहे, दादा. पण ‘उघड’चं ‘उघडं’ व्हायला वेळ लागत नाही, आणि उघडं मानक म्हणजे अंगावर कपडे नसलेलं.

कराड
‘खुलं’च बरोबर, आणि त्याला दाखला कुस्तीचा. खुल्या गटात कुठल्याही तालमीचा मल्ल उतरतो, नियम सगळ्यांना तेच. एक्सएसएल-एफओचं तसंच. नियम डब्ल्यू थ्री सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर केले, डिसेंबर २००६ मध्ये १.१ आवृत्ती आली. ते वाचून कुणीही पान रचणारा प्रोग्रॅम लिहावा. अपाचे फॉप हा एक मल्ल, पैसे न घेता खेळणारा. अँटेना हाउस दुसरा, तो रीतसर किंमत लावतो. मांडणीची फाइल दोघांनाही वाचता येते.
इथंच तुमच्या टिपणातली खरी गफलत आहे. ‘मुक्त’पेक्षा ‘व्यावसायिक’नं जास्त घात केला. गॅसच्या सिलिंडरवर व्यावसायिक म्हणजे धंद्याच्या वापराचा. पण बाकी ठिकाणी ‘व्यावसायिक काम’ म्हणजे सफाईदार, तज्ज्ञाचं काम. तुम्हाला म्हणायचं होतं ‘विकतचं’, साहेबांनी वाचलं ‘दर्जेदार’. शब्दानंच पारडं झुकवलं.
आणि मुळात ही जोडी लागतच नाही. फुकटच्या विरुद्ध विकत, खुल्याच्या विरुद्ध बंदिस्त. अँटेना हाउस विकतचं, पण मानक खुलं. जॅस्पर रिपोर्ट्स या पत्रकं काढणाऱ्या आणखी एका टूलचा कोड खुला, पण त्याची जेआरएक्सएमएल फाइल त्याच्याच घरची, मानक नव्हे. क्रिस्टलची आरपीटी फाइल मात्र क्रिस्टलनंच उघडायची. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०१० च्या खुल्या मानकांच्या धोरणातसुद्धा मानकाच्या दस्तऐवजाला नाममात्र शुल्क चालतं. पेटंटपोटी रॉयल्टी मात्र मागायची नाही. म्हणजे ‘खुलं’ची व्याख्या फुकटावर उभी नाहीच.
क्रिस्टलला नावं ठेवत नाही. ज्याला रविवारपर्यंत यादी हवी, त्यानं तेच घ्यावं. एफओत साधा रकाना हलवायला कोड वाचावा लागतो. आणि खुलं म्हणजे वाढतं असंही नाही, एक्सएसएल-एफओच्या २.० आवृत्तीचा मसुदा मसुदाच राहिला.

सांगली
एक विचारायचं राहिलं. मराठीचं काय? कुणीतरी फॉपवर काढलेली जुनी पीडीएफ दाखवली होती, त्यात ‘किर्द’ची पार दैना.

कराड
जुनी आवृत्ती असणार. साठवताना ‘क’ आधी आणि पहिली वेलांटी नंतर असते. कागदावर ती ‘क’च्या आधी आणावी लागते. रफार तर ‘द’च्या डोक्यावर चढवायचा. जुन्या फॉपला दोन्ही जमत नसे. वेलांटी ‘क’ ओलांडून पुढं, आणि ‘र’ पाय मोडून तसाच उभा. २०१२ मध्ये फॉपच्या १.१ आवृत्तीत देवनागरीची सोय आली. तरी आपल्या फाँटवर ‘किर्द’, ‘तेरीज’, ‘व्याजापोटी येणे’ छापून बघाच.

मिरज
चाळीस वर्षं छापखान्यात गेली, म्हणून दोन शब्द. ‘रिपोर्टिंग टूल’चं ‘अहवाल साधन’ करू नका. अहवाल म्हणजे आपल्याकडं वार्षिक अहवाल, अध्यक्षांच्या फोटोचा. तुमचं यंत्र काढणार ती पत्रकं, याद्या आणि खातेउतारे. ‘अहवाल’ शब्द मूळचा अरबी, ‘हाल’चंच अनेकवचन, मार्चअखेरीला ते पटतंही.
दुसरं, ‘फॉरमॅटिंग’ला ‘मांडणी’ चांगला. ‘जुळणी’ नको, ती खिळ्यांची. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज व पुढच्या पानावर ‘मागील पानावरून’ येतं का, ते आधी विचारा.

कराड
काका, नियमात आहे, २००६ च्या आवृत्तीत त्यासाठीच सोय घातली. पण प्रत्येक प्रोग्रॅम ती पाळतोच असं नाही. करून बघावं लागेल.

सांगली
सगळ्यांचे आभार. टिपणातली ओळ आता अशी: “पत्रकांची मांडणी खुल्या मानकात ठेवावी की एकाच कंपनीच्या बंदिस्त फायलीत, हा पहिला प्रश्न. प्रोग्रॅम विकत घ्यावा की बिनपैशाचा, हा दुसरा. दोन्हींवर वेगवेगळं मत द्यावं.” ‘व्यावसायिक’ काढला. सोबत तेरजेचं एक पान दोन्ही पद्धतींनी छापून जोडते.

मिरज
जोडताना डावा समास जरा जास्त सोडा. पंच मारून फायलीला लावतील, आणि पहिला रकाना भोकात जाईल.